डच दाबमापकांच्या संज्ञा इंग्रजीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यांत्रिक दाबमापकांची माहितीपत्रके, सुट्या भागांच्या याद्या आणि देखभालपुस्तिका डचमधून इंग्रजीत नेणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. डच शब्द उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या देवनागरीत दिले आहेत. मात्र डच भाषेतील काही स्वर देवनागरीत नेमके बसत नाहीत, त्यामुळे मूळ वर्णलेखन आपल्या कागदपत्रातूनच घ्यावे.

१. डच 'मानोमेटर' म्हणजे इंग्रजीतला 'मॅनोमीटर'च ना?

बहुतेक वेळा नाही. डच भाषेत तबकडी आणि काटा असलेल्या साध्या दाबमापकालाही 'मानोमेटर'च म्हणतात, आणि त्यासाठी इंग्रजीत 'प्रेशर गेज' हा शब्द रूढ आहे. इंग्रजी तंत्रज्ञ 'मॅनोमीटर' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सहसा द्रवस्तंभाचे उपकरण येते, म्हणजे पाणी किंवा पारा भरलेली यू आकाराची नळी. डच मजकुरात 'यू-बाउसमानोमेटर' किंवा 'फ्लूइस्टॉफमानोमेटर' असे स्पष्ट लिहिले असेल, तेव्हाच 'मॅनोमीटर' ठेवावा. 'द्रुकमेटर' हा डच शब्द याहून सैल आहे. तो टायरमधील हवा मोजणाऱ्या साधनालाही चालतो, आणि तोही 'प्रेशर गेज'च होतो.

२. एवढे लांबलचक जोडशब्द फोडायचे कसे?

मराठी वाचकाला हे काम इतरांपेक्षा सोपे जावे, कारण डच जोडशब्द आपल्या तत्पुरुष समासासारखाच चालतो: शेवटचे पद प्रधान आणि आधीची पदे त्याची विशेषणे. 'बाउसफेरमानोमेटर' हे सर्वप्रथम एक दाबमापक आहे. कोणते, तर नळीच्या रूपातील लवचीक घटकावर चालणारे. 'मानोमेटरआफस्लाउटर' हा दाबमापक नसून व्हॉल्व्ह आहे. म्हणून शब्द उजवीकडून वाचावा, प्रधान पदाचे भाषांतर आधी ठरवावे आणि मगच मागे यावे. तीन पदांच्या पुढे शब्द गेला की इंग्रजीत त्याचे एकच लांब नाम करण्याचा हट्ट सोडून 'विथ' किंवा 'फॉर' वापरणे बरे.

३. 'फेर' म्हणजे स्प्रिंग. मग 'बाउसफेर' म्हणजे 'ट्यूब स्प्रिंग' का नाही?

शब्दशः ते बरोबर आहे, पण इंग्रजी कार्यशाळेत असा शब्द कोणी वापरत नाही. वाकवलेली, चपट्या छेदाची ही नळी आत दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि तिच्या मोकळ्या टोकाच्या हालचालीवर काटा फिरतो. युजीन बोर्डन या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि इंग्रजीने त्याचेच नाव उचलले: 'बोर्डन ट्यूब'. डच भाषेने, जर्मनप्रमाणे, कार्य लक्षात घेऊन 'फेर' म्हटले, कारण हा घटक दाबाविरुद्ध स्प्रिंगसारखा लवतो आणि परत येतो. हाच न्याय इतर दोन घटकांना लागू होतो. 'प्लाटफेर' म्हणजे पन्हळी चकतीचा घटक, त्याला इंग्रजीत 'डायफ्रॅम एलिमेंट' म्हणावे. 'काप्सुलफेर' म्हणजे अशा दोन चकत्या कडेने जोडून केलेली डबी, तिला 'कॅप्सूल एलिमेंट' म्हणावे. ती बहुधा वायूंच्या अगदी कमी दाबासाठी असते, आणि मापनकक्षा मिलिबारमध्ये दिसली की ओळख पक्की होते. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत 'स्प्रिंग' हा शब्द येत नाही. खरी स्प्रिंग कुठे असते, ते प्रश्न ८ मध्ये पाहा.

४. 'मेम्ब्रान' पाहिला की 'मेंब्रेन' लिहावे का?

दाबमापकांच्या संदर्भात 'डायफ्रॅम' लिहावे. 'मेंब्रेन' म्हटले की इंग्रजी वाचकाला गाळणीचा पातळ पडदा आठवतो.

खरी अडचण पुढे आहे. 'मेम्ब्रानमानोमेटर' आणि 'मानोमेटर मेट स्खाइडिंग्समेम्ब्रान' ही दोन वेगळी उपकरणे आहेत आणि त्यांची गल्लत मी तयार भाषांतरांत अनेकदा पाहिली आहे. पहिल्यात डायफ्रॅम स्वतःच दाब मोजतो. ते 'डायफ्रॅम प्रेशर गेज' होय. दुसऱ्यात मापन बहुधा बोर्डन ट्यूबच करते, आणि तिच्यापुढे बसवलेला डायफ्रॅम संक्षारक, घट्ट किंवा गोठणाऱ्या द्रवाला नळीत शिरू देत नाही; दोहोंमधील पोकळीत भरलेला द्रव फक्त दाब पुढे पोहोचवतो. या जोडणीला 'डायफ्रॅम सील' म्हणतात आणि अमेरिकी कागदपत्रांत 'केमिकल सील' असेही लिहिलेले आढळते. 'सेपरेशन मेंब्रेन' असे शब्दशः भाषांतर केले, तर खरेदी विभाग गाळणीच मागवेल.

५. 'ओव्हरद्रुक'चे भाषांतर 'ओव्हरप्रेशर' केले तर काय बिघडते?

या यादीतील सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

डच 'ओव्हरद्रुक'चे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ आहे वातावरणाच्या दाबाच्या वर मोजलेला दाब, म्हणजेच इंग्रजी 'गेज प्रेशर'. माहितीपत्रकात मापनकक्षा '० ते १० बार ओव्हरद्रुक' अशी दिली असेल, तर तेथे काहीही धोक्याचे चाललेले नाही. उपकरणाचा शून्यबिंदू वातावरणीय दाबावर आहे, एवढेच ते सांगते. दुसरा अर्थ आहे मर्यादेपलीकडे गेलेला दाब, म्हणजे खरा 'ओव्हरप्रेशर'. 'ओव्हरद्रुकबेव्हाइलिखिंग' मध्ये हा दुसरा अर्थ आहे आणि ते 'ओव्हरप्रेशर प्रोटेक्शन'च होईल.

अर्थ ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. शब्द आकडा आणि एकक यांच्या पाठोपाठ आला असेल, किंवा त्याच परिच्छेदात 'आब्सोल्युत द्रुक'शी (निरपेक्ष, म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेल्या दाबाशी) त्याची तुलना असेल, तर तो 'गेज प्रेशर' समजावा. शब्दाला 'संरक्षण', 'सहनशील' किंवा 'बिघाड' अशा अर्थाचे पद चिकटले असेल, तर तो 'ओव्हरप्रेशर' समजावा. तरीही एक कोपरा उरतो: बंद खोलीत किंवा पेटीत बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून थोडा जास्त दाब राखतात, त्यालाही डच भाषेत 'ओव्हरद्रुक'च म्हणतात, आणि तेथे 'पॉझिटिव्ह प्रेशर' हा शब्द शोभतो.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका पूर्ण पुस्तिकेत '१६ बार ओव्हरप्रेशर' असे लिहून बसलो होतो. वाचणाऱ्या अभियंत्याने विचारले की हे उपकरण नेहमीच मर्यादेबाहेर चालवायचे आहे काय. तेव्हापासून हा शब्द मी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे तपासतो. 'सर्व बदला' ही आज्ञा त्याच्यावर कधीच चालवत नाही.

६. जुन्या तबकडीवर 'आटो', नव्या पत्रकात कंसातला 'ओ' आणि पंपाच्या कागदात 'एम डब्ल्यू के' दिसते. ही एकके कशी लिहावीत?

'बार'नंतर कंसात येणारा 'ओ' हा 'ओव्हरद्रुक'चा आद्याक्षर आहे. इंग्रजीत त्या जागी गेज दर्शवणारा 'जी' येतो. 'ओ' तसाच सोडला, तर वाचक त्याला शून्य समजतो. कंसातला 'ए' मात्र दोन्ही भाषांत निरपेक्ष दाबच दाखवतो.

'आटो' म्हणजे वातावरणाच्या वरचा, तांत्रिक वातावरण या जुन्या एककात मोजलेला दाब आणि 'आटा' म्हणजे त्याच एककातला निरपेक्ष दाब. तांत्रिक वातावरण म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम-बल, म्हणजेच ०.९८०६६५ बार, प्रमाण वातावरण १.०१३२५ बारचे असते, त्यामुळे 'ॲटमॉस्फिअर' असे मोघम लिहू नये. 'एम डब्ल्यू के' म्हणजे 'मेटर वाटरकोलोम', इंग्रजीत 'मीटर ऑफ वॉटर कॉलम'. एक मीटर म्हणजे सुमारे ९.८१ किलोपास्कल.

एककाचे नाव बदलणे हे भाषांतर आहे, आकडा बदलणे हे रूपांतर आहे. ग्राहकाने मागितल्याशिवाय दुसरे करू नये, कारण तबकडीवर जुनाच आकडा छापलेला असतो. दशांशचिन्ह मात्र बदलावेच लागते: डचमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब असते. 'एक टिंब तीन शून्ये मिलिबार' म्हणजे हजार मिलिबार, एक मिलिबार नव्हे.

७. 'ओंडरद्रुक' आणि 'फाक्यूम' यांत फरक करावा का, आणि 'मानोफाक्यूममेटर' म्हणजे काय?

'ओंडरद्रुक' म्हणजे वातावरणाहून कमी दाब. उपकरणांच्या पत्रकात तो 'निगेटिव्ह गेज प्रेशर' किंवा 'व्हॅक्यूम' होतो. 'अंडरप्रेशर' समजतो, पण परका वाटतो. केवळ ऋण बाजू मोजणारे उपकरण ते 'व्हॅक्यूम गेज'. 'मानोफाक्यूममेटर' दोन्ही बाजू मोजतो, जसे उणे १ ते अधिक ३ बार, आणि त्याचे इंग्रजी नाव 'कंपाउंड गेज' आहे. हे नाव शब्दकोशाच्या मार्गाने सापडत नाही. माहीतच असावे लागते. 'फरस्खिलद्रुक' हा 'डिफरन्शियल प्रेशर', म्हणजे दोन ठिकाणच्या दाबांतील फरक, आणि त्याचा वरील कशाशीही संबंध नाही.

८. आतल्या भागांना काय म्हणावे? यादीत चक्क 'घड्याळ' लिहिले आहे.

'यूरवेर्क' या शब्दाचा घड्याळाशी संबंध आहे खरा, पण दाबमापकात तो नळीच्या टोकाची छोटी हालचाल वाढवून काट्याला देणारी यंत्रणा दाखवतो आणि इंग्रजीत तिला 'मूव्हमेंट' म्हणतात. योगायोगाने मनगटी घड्याळाच्या आतल्या यंत्रणेलाही इंग्रजीत हाच शब्द आहे, त्यामुळे येथे दोन्ही भाषा एकाच वाटेने गेल्या आहेत. यंत्रणेतील 'टांटसेखमेंट' म्हणजे 'टूथ्ड सेक्टर', 'रोंटसेल' म्हणजे 'पिनियन', 'ट्रेकस्टांग' म्हणजे 'लिंक', आणि दात्यांमधील मोकळीक शोषून घेणारी बारीक 'स्पिरालफेर' म्हणजे 'हेअरस्प्रिंग'. प्रश्न ३ मध्ये म्हटलेली खरी स्प्रिंग ती हीच.

बाहेरच्या भागांत 'कास्त' किंवा 'हाउस' म्हणजे 'केस', 'वाइजरप्लाट' म्हणजे 'डायल', 'राउट' म्हणजे 'विंडो' आणि 'बायोनेटरिंग' म्हणजे 'बायोनेट बेझल'. 'आउटस्लाख' जरा जपून: काट्याच्या बाबतीत तो 'डिफ्लेक्शन', चाचणीच्या बाबतीत 'रिझल्ट', आणि वैद्यकीय मजकुरात अंगावरचे पुरळ.

९. 'स्लेपवाइजर' आणि 'स्टेलवाइजर' एकच का?

नाही. 'स्लेपवाइजर'ला मुख्य काटा पुढे ढकलतो आणि सर्वोच्च दाबावर सोडून मागे येतो. त्याला 'ड्रॅग पॉइंटर' किंवा 'मॅक्झिमम पॉइंटर' म्हणावे. 'स्टेलवाइजर' हाताने एका जागी लावून ठेवायचा खुणेचा काटा आहे, म्हणून 'सेट पॉइंटर'.

१०. 'नाउकेरिखहाइट्सक्लासे १,६' याला अमेरिकी ग्राहकासाठी कोणती श्रेणी लिहावी?

कोणतीही नाही. 'ॲक्युरसी क्लास १.६' असेच लिहावे आणि युरोपीय मानक ईएन ८३७-१ चा उल्लेख कायम ठेवावा. डच कागदात त्याच्या आधी 'एनईएन' असते. ते केवळ हे मानक नेदरलँड्समध्ये स्वीकारल्याची खूण आहे. या मानकातील वर्ग ०.१, ०.२५, ०.६, १, १.६, २.५ आणि ४ असे आहेत आणि आकडा म्हणजे मापनविस्ताराच्या टक्केवारीतील अनुमत त्रुटी. अमेरिकी मानक एएसएमई बी ४०.१०० च्या श्रेण्या वेगळ्या रचल्या आहेत: 'ग्रेड ए'मध्ये मधल्या अर्ध्या भागात १ टक्का आणि दोन्ही टोकांच्या पावभागांत २ टक्के, तर 'ग्रेड बी'मध्ये अनुक्रमे २ आणि ३ टक्के त्रुटी चालते. १.६ चा वर्ग यांपैकी कोणातच बसत नाही. जवळची श्रेणी सुचवणे हा अभियंत्याचा निर्णय आहे, भाषांतरकाराचा नव्हे.

वाक्यातील टक्केवारी कशाची, हेही पाहावे. '० ते १० बार' कक्षेच्या, वर्ग १.६ च्या मापकात अनुमत त्रुटी सगळीकडे ०.१६ बार असते. २ बार वाचताना ती वाचनाच्या ८ टक्के होते. म्हणून 'ऑफ स्पॅन' (मापनविस्ताराच्या) आणि 'ऑफ रीडिंग' (वाचनाच्या) यांची अदलाबदल अक्षम्य आहे. 'आइंटवार्डे' म्हणजे 'फुल स्केल व्हॅल्यू', आणि शून्यापासून सुरू होणाऱ्या मापकात ती व 'स्पॅन' सारखेच असतात. प्रश्न ७ मधील उणे १ ते अधिक ३ बारच्या मापकात मात्र 'स्पॅन' ४ बार आणि शेवटची किंमत ३ बार असते, आणि तेथे शब्द चुकला की त्रुटीचा आकडाही चुकतो.

११. 'आइकन', 'कालिब्रेरन' आणि 'युस्टेरन' या तिन्हींना 'कॅलिब्रेट' चालेल का?

फक्त मधल्याला. 'कालिब्रेरन' म्हणजे प्रमाणाशी तुलना करून फरक नोंदवणे; उपकरणाला हात लावला जात नाही. 'युस्टेरन' म्हणजे तो फरक कमी करण्यासाठी उपकरण जुळवणे, म्हणून 'ॲडजस्ट'. 'आइकन' म्हणजे कायद्याने ठरवलेली पडताळणी, म्हणून 'व्हेरिफाय'. गोंधळ असा की बोलताना डच तंत्रज्ञ सर्रास कॅलिब्रेशनलाही 'आइकन' म्हणतात. नेदरलँड्समध्ये जुन्या 'आइकवेट' या कायद्याची जागा २००६ च्या 'मेट्रोलोखीवेट'ने घेतली, पण सवय तशीच राहिली. मजकुरात सरकारी शिक्का किंवा कायद्याचा उल्लेख नसेल आणि शेवटी 'कालिब्रात्सीसर्टिफिकाट' मिळत असेल, तर 'कॅलिब्रेट' लिहावे आणि ग्राहकाला तशी टीप द्यावी.

१२. यंत्राने भाषांतर केले तर 'वेर्कद्रुक'चे 'वर्कलोड' झाले. आणखी कोणते शब्द असे घसरतात?

'वेर्कद्रुक'ला दोन्ही अर्थ आहेत. दाबमापकात तो 'वर्किंग प्रेशर'. 'आफपेर्सन' याहून गमतीदार: शब्दकोशात पहिला अर्थ खंडणी उकळण्याचा मिळतो, पण पाइपलाइनच्या संदर्भात तो 'प्रेशर टेस्ट' करणे होय, आणि पाण्याने केली असेल तर 'हायड्रोस्टॅटिक टेस्ट'. पंपाची 'पेर्सलाइडिंग' म्हणजे 'डिस्चार्ज लाइन'. 'फोरद्रुक' संदर्भानुसार फिरतो: दाबनियामकावर तो 'इनलेट प्रेशर', प्रसरणटाकीत 'प्रीचार्ज प्रेशर'. 'द्रुकलोस' म्हणजे 'डीप्रेशराइज्ड', आणि सुरक्षासूचनेत हा शब्द दिसला की वाक्य दोनदा तपासावे.

१३. 'खासद्राद' म्हणजे गॅसच्या नळीचा आटा का?

उगम तोच, अर्थ आता व्यापक. त्याला 'बीएसपी थ्रेड', म्हणजे ब्रिटिश प्रमाणाचा पाइप-आटा, म्हणावे. दाबमापकावर बहुधा 'जी १/२ बी' असते: 'जी' म्हणजे समांतर आटे, 'बी' म्हणजे बाह्य आट्याचा सहिष्णुतावर्ग. हे चिन्ह जसेच्या तसे ठेवावे आणि 'एनपीटी' या अमेरिकी पाइप-आट्यात कधीही बदलू नये. अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हींचे आटे इंचाला १४च असतात, म्हणून पहिले काही फेरे ते एकमेकांत जातातही. पण कोन अनुक्रमे ५५ आणि ६० अंशांचा असतो आणि 'एनपीटी' निमुळता असतो, त्यामुळे जोड गळतो. 'दाउम' म्हणजे अंगठा, म्हणजेच 'इंच'. 'ओंडरआनस्लाउटिंग' म्हणजे 'बॉटम कनेक्शन' किंवा 'लोअर माउंट', आणि 'आख्तरआनस्लाउटिंग' म्हणजे 'बॅक कनेक्शन'.

१४. 'आफस्लाउटर', 'क्रान' आणि 'क्लेप' यांपैकी व्हॉल्व्ह कोणता?

तिन्ही, आपापल्या परीने. 'आफस्लाउटर' हा बंद करण्यासाठीचा व्हॉल्व्ह आहे. 'क्लेप' बहुधा आपोआप उघडझाप करतो. 'मानोमेटरक्रान' मात्र इंग्रजीत 'गेज कॉक' होतो. वाफेच्या जोडणीत 'वाटरझाकबाउस' भेटते: वळवलेली नळी, जिच्यात पाणी साचून राहते आणि गरम वाफ मापकापर्यंत पोहोचत नाही. तिला 'सायफन' म्हणतात. 'वॉटर बॅग ट्यूब' लिहिणाऱ्याला वाचक हसेल. 'स्मोरस्ख्रूफ' म्हणजे 'रिस्ट्रिक्टर स्क्रू'.

१५. साहित्याच्या रकान्यात फसवे शब्द कोणते?

'मेसिंग' म्हणजे पितळ, इंग्रजी 'ब्रास'. 'आरव्हीएस' म्हणजे 'स्टेनलेस स्टील'. बेल्जियमच्या डचभाषक भागातील कागदात त्याऐवजी 'इनॉक्स' दिसेल. 'कुन्स्टस्टॉफ' म्हणजे 'प्लास्टिक'. 'स्लांग' म्हणजे 'होज'. ज्याचा दाब मोजायचा त्या माध्यमाच्या संपर्कात येणाऱ्या भागांसाठी डचमध्ये अख्खा वाक्यांश असतो. इंग्रजीत 'वेटेड पार्ट्स' पुरते, माध्यम कोरडा वायू असला तरी.

१६. 'स्खाइडिंग्सवांट' असलेला सुरक्षामापक आणि प्रश्न ४ मधील सील यांचा संबंध आहे का?

मुळीच नाही, जरी दोन्ही शब्दांची सुरुवात 'वेगळे करणे' या एकाच धातूने होते. येथे तबकडी आणि नळी यांच्यामध्ये भक्कम भिंत असते आणि मागची बाजू उडून जाईल अशी बनवलेली असते, जेणेकरून नळी फुटल्यास स्फोट वाचणाऱ्याच्या तोंडावर न येता मागे जाईल. इंग्रजीत हे 'सॉलिड फ्रंट', मानकाच्या भाषेत 'बॅफल वॉल', आणि मागची बाजू 'ब्लो-आउट बॅक'. ईएन ८३७-१ मधील 'एस ३' ही खूण सोबत असेल, तर ती तशीच ठेवावी.

१७. 'झ्यूरस्टॉफ'मध्ये 'झ्यूर' म्हणजे आम्ल. मग हा आम्लाचा मापक का?

हा ऑक्सिजनचा मापक आहे. 'स्टिकस्टॉफ' नायट्रोजन आणि 'वाटरस्टॉफ' हायड्रोजन. ऑक्सिजनच्या मापकात तेलाचा अंश राहिला तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून 'तेल व ग्रीसविरहित' ही सूचना गाळणे किंवा सौम्य करणे चालणार नाही. तबकडीवरील रूढ इंग्रजी शब्द 'यूज नो ऑइल' असे आहेत.

१८. मूळ डच मजकूरच चुकला असेल तर?

गुपचूप दुरुस्त करू नये. समजा मजकुरात 'ओंडरआनस्लाउटिंग' आहे आणि आराखड्यात जोडणी मागे दाखवली आहे, तर मजकुराचे भाषांतर जसेच्या तसे करावे, आराखड्याचा क्रमांक देऊन विसंगती ग्राहकाला लेखी कळवावी आणि उत्तर येईपर्यंत ती ओळ ठळक रंगात ठेवावी. अपवाद एकच मानतो: निव्वळ टंकदोष, जसे 'मानोमेटर'मधील गळलेले अक्षर. आकडा, एकक, आट्याचे चिन्ह किंवा वायूचे नाव चुकले असेल, तर तो टंकदोष आहे असे मी कधीच गृहीत धरत नाही.